रिपोर्टवर ‘जायंट सेल लेजन, क्लिनिकली कोरिलेट करा’ – कोरिलेट म्हणजे नेमकं काय काय?

तालुक्याचा_दंतवैद्य

रुग्ण २३ वर्षांची मुलगी. खालच्या जबड्यात उजव्या सुळ्यापासून डाव्या पहिल्या उपदाढेपर्यंत सूज, म्हणजे मधली रेषा ओलांडलेली. पाचेक महिने हळूहळू वाढतेय, दुखत नाही. ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, साधारण ३.५ सेंमीचा काळा भाग. कडा कळते, पण तिला पांढरी किनार नाही. मधले दोन पटाशीचे दात फाकलेत. थंड चाचणीला तीन दात गप्प, बाकीचे ठीक. इन्सिजनल बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा एक तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट एका ओळीचा आला: ‘जायंट सेल लेजन, क्लिनिकली कोरिलेट करा.’

पुढच्या सर्जनकडे पाठवण्याआधी आपल्या पातळीवर जे व्हायला हवं ते पूर्ण करायचंय. रक्ताच्या कोणत्या तपासण्या, फिल्मवर काय बघायचं, आणि त्या तीन दातांचं रूट कॅनाल करून टाकायचं का? जवळ सीबीसीटी (जबड्याचं त्रिमितीय स्कॅन) नाही, जिल्ह्याला पाठवावं लागतं.

स्लाइडखाली

एका ओळीचा रिपोर्ट चिडवतो हे मान्य, पण पॅथॉलॉजिस्टने टाळाटाळ केलेली नाही. सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा, हायपरपॅराथायरॉइडिझमचा (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करण्याचा) ब्राउन ट्युमर आणि चेरुबिझम (लहानपणी दोन्ही बाजूंचा जबडा फुगवणारा आनुवंशिक आजार) या तिघांची स्लाइड एकच दिसते. चातीसारख्या लांबट पेशींची पार्श्वभूमी, त्यात रक्तस्रावाचे डाग, हिमोसिडरिनचे तपकिरी कण, आणि त्या रक्ताच्या आजूबाजूला घोळक्याने जमलेल्या बहुकेंद्रकी मोठ्या पेशी. चेरुबिझममध्ये कधीकधी बारीक रक्तवाहिन्यांभोवती गुलाबी कोलॅजनचं कडं दिसतं. दिसलं तर उपयोगी, पण नाही दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही. साध्या एच-अँड-ई स्लाइडवर या तिघांना वेगळं करणारा माणूस अजून जन्मायचाय. वेगळं करतं ते वय, जागा, फिल्म आणि रक्त.

नावाबद्दल एक सांगायलाच हवं. १९५३ मध्ये जॅफीने ‘जायंट सेल रिपेरेटिव्ह ग्रॅन्युलोमा’ हे नाव दिलं ते लांब हाडांतल्या जायंट सेल ट्युमरपासून जबड्याची गाठ वेगळी काढण्यासाठी. पुढे ‘रिपेरेटिव्ह’ गळलं, कारण ही गाठ दुरुस्तीबिरुस्ती काही करत नाही, उलट हाड खाते. ‘ग्रॅन्युलोमा’ मात्र चिकटून राहिला. आपल्याकडे त्याचा तोटा असा की रिपोर्टवर ग्रॅन्युलोमा आणि जायंट सेल हे दोन शब्द शेजारी दिसले की कुणाच्यातरी मनात टीबी येतो आणि एकेटीची, म्हणजे टीबीच्या औषधांची, भाषा सुरू होते. टीबीतल्या लँगहान्स पेशींची केंद्रकं घोड्याच्या नालासारखी कडेला रांगेत असतात, सोबत एपिथेलिऑइड पेशी आणि केसिएशन असतं. इथल्या पेशी ऑस्टिओक्लास्टच्या, म्हणजे हाड खाणाऱ्या पेशींच्या, जातीच्या आहेत. दोघांचा काही संबंध नाही. रुग्ण फॅमिली डॉक्टरकडे जाणार असेल तर चिठ्ठीत तसं स्पष्ट लिहा.

आता स्लाइड कुठे उपयोगी पडते ते. चार गोष्टी पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा.

पहिली, पेशींची वाटणी घोळक्यांत आहे की सगळीकडे एकसारखी? एकसारखी असेल, एकेका पेशीत पन्नासच्या वर केंद्रकं असतील आणि ती आजूबाजूच्या एककेंद्रकी पेशींच्या केंद्रकांसारखीच दिसत असतील, तर खऱ्या जायंट सेल ट्युमरचा विचार. जबड्यात तो फार दुर्मिळ. शंका उरलीच तर एच३.३ जी३४डब्ल्यू हा इम्युनो स्टेन. लांब हाडांच्या ट्युमरमध्ये बहुतेक वेळा पॉझिटिव्ह, जबड्याच्या ग्रॅन्युलोमात निगेटिव्ह. त्याऐवजी कुणी सीडी६८ सुचवला तर रुग्णाचे पैसे वाचवा. तो सगळ्याच ऑस्टिओक्लास्टसारख्या पेशींत पॉझिटिव्ह येतो, त्यातून फरक काहीच कळत नाही.

दुसरी, रक्ताने भरलेल्या मोठ्या पोकळ्या आहेत का? असतील तर ॲन्युरिझमल बोन सिस्ट. पण ग्रॅन्युलोमातही दुय्यम म्हणून तसे भाग तयार होतात. तिथे यूएसपी६ जनुकाची फिश चाचणी कामी येते, प्राथमिक सिस्टमध्येच ते जनुक हललेलं सापडतं.

तिसरी, पेशींत विकृती, विचित्र मायटोसिस (पेशीविभाजन) किंवा त्या पेशींनीच बनवलेलं ऑस्टिऑइड (कच्चं हाड) आहे का? जायंट सेलची रेलचेल असलेला ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) असतो आणि लहान तुकड्यात तो निसटतो.

चौथी, ओडोंटोजेनिक (दात घडवणाऱ्या) एपिथेलियमच्या बारीक रांगा दिसतात का? सेंट्रल ओडोंटोजेनिक फायब्रोमा आणि जायंट सेल ग्रॅन्युलोमा एकत्र असलेल्या संमिश्र गाठी नोंदलेल्या आहेत.

आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मागून ठेवा. पुढे जनुकीय तपासणी लागली तर सगळं डीकॅल्सिफिकेशन (हाडातलं कॅल्शियम काढणं) कशात केलं यावर अवलंबून आहे. नायट्रिक किंवा दुसऱ्या तीव्र आम्लात ठेवलेल्या तुकड्यातलं डीएनए गेलेलं असतं. म्हणून बायोप्सीच्या वेळीच मऊ भाग आणि हाडाचे कपचे दोन वेगळ्या बाटल्यांत द्यावेत. मऊ भागाला डीकॅल्सिफिकेशन लागतच नाही. कपच्यांसाठी ईडीटीए, भले दिवस जास्त लागोत. फॉर्मॅलिन १० टक्के, म्हणजे बाजारातल्या बाटलीचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, शक्यतो बफर केलेलं, आणि तुकड्याच्या किमान दहापट. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा एस्टीतून शहरात पोचेपर्यंत कुजायला लागलेला असतो.

कॅल्शियम_पॅराथायरॉइड

वरच्या उत्तरातलं ‘आणि रक्त’ हे दोन शब्द मी जरा ताणतो, कारण चूक बहुधा इथेच होते. ब्राउन ट्युमर खरवडून काढला आणि मूळ ग्रंथी गळ्यात तशीच राहिली, तर गाठ परत येते किंवा दुसऱ्या हाडात उगवते. उलट ग्रंथीचा ॲडिनोमा (साधी गाठ) काढला तर जबड्यातली गाठ काही महिन्यांत आपोआप भरायला लागते, बऱ्याचदा जबड्याला हातही लावावा लागत नाही. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. जबड्याच्या शस्त्रक्रियेची तारीख रक्ताच्या रिपोर्टनंतर ठरवायची, आधी नाही.

एकाच वेळी काढायच्या चाचण्या: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, इंटॅक्ट पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन). फक्त कॅल्शियम पाठवून ‘नॉर्मल आहे’ म्हणून फाइल बंद करू नका. दोन कारणं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम खोटं कमी दिसतं. दुरुस्ती सोपी आहे, ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा आणि कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन ३.० असेल तर खरा आकडा ११.०, म्हणजे नॉर्मल वाटणारा रिपोर्ट नॉर्मल नाही. दुसरं कारण आपल्याकडे जास्त भेटतं. व्हिटॅमिन डी इतकं कमी असतं की प्राथमिक हायपरपॅराथायरॉइडिझम असूनही कॅल्शियम वर चढत नाही. डी भरून काढलं की खरा चेहरा दिसतो.

म्हणूनच एक विनंती. रक्त काढायच्या आधी डीची ६० हजार युनिटची पुडी देऊ नका. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, आणि ‘हाडाचा आजार आहे ना’ म्हणून घरचेच सुरू करतात. आधी विचारून घ्या.

विचारायची दुसरी गोष्ट म्हणजे केसांच्या गोळ्या. या वयाच्या मुलींमध्ये ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन सर्रास चालू असतं. ज्या यंत्रांत बायोटिन-स्ट्रेप्टॅविडिनची जोडणी वापरतात, तिथे त्यामुळे पीटीएच खोटं कमी आणि व्हिटॅमिन डी खोटं जास्त येतं. नेमकं ज्या आकड्यांवर निदान उभं आहे तेच दोन्ही उलटे. किमान तीन दिवस बंद ठेवून मग सॅम्पल. लिथियम किंवा थायझाइड चालू आहे का तेही बघा, दोन्हींनी कॅल्शियम वाढतं.

सॅम्पलचं म्हणाल तर कॅल्शियमसाठी पट्टा फार वेळ आवळून ठेवू नका, आकडा वाढतो. पीटीएच ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जास्त टिकतं. पण कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज चुकूनही त्या ट्यूबमधून करू नका, ईडीटीए कॅल्शियमच धरून ठेवतं. तालुक्यावरून सॅम्पल जाणार असेल तर लॅबला आधीच फोन करून ट्यूब आणि बर्फाचं विचारा.

वाचताना: कॅल्शियम वाढलेलं असताना पीटीएच ‘नॉर्मल रेंजमध्ये’ आलं तर ते नॉर्मल नव्हे. त्या कॅल्शियमला ते दबलेलं असायला हवं होतं. क्रिएटिनिन चढलेलं असेल तर दुय्यम प्रकार, किडनीचा. तिथेही ब्राउन ट्युमर होतात.

फिल्म_वाचक

तुमची फिल्म जिथे सगळ्यात कच्ची असते तिथेच ही गाठ बसलीय. ओपीजीचा फोकल ट्रफ (फिल्म स्पष्ट येते तो पट्टा) पुढच्या दातांपाशी अरुंद असतो आणि मणक्याची सावली मधोमध येते. म्हणून ३.५ सेंमी हा आकडा ओपीजीवरचा असेल तर त्यावर फार विसंबू नका. सीबीसीटी होईपर्यंत एक ऑक्लुजल फिल्म आणि दोन-तीन आयओपीए (एकेका जागेच्या दातांची छोटी फिल्म) काढा, दवाखान्यातच होतात. ऑक्लुजलवर जिभेकडची आणि ओठाकडची भिंत किती फुगलीय आणि कुठे तुटलीय ते कळतं. आयओपीएवर लॅमिना ड्युरा (मुळाभोवतीची पांढरी रेष) बघा, गाठीजवळच्या दातांचा नव्हे, लांबच्या दाढांचा. तोंडभर लॅमिना ड्युरा पुसट, हाड दुधी काचेसारखं, असं दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता पीटीएचकडे धावा. असं दिसलं नाही तर मात्र निर्धास्त होऊ नका, हे चिन्ह उशिरा येतं आणि सगळ्यांत येत नाही.

ग्रॅन्युलोमाच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी: पहिल्या दाढेच्या पुढची जागा, मधली रेषा ओलांडणं, किनार नसलेली कडा, दात सरकणं, आणि आत फार बारीक, धुरकट पडदे. हे पडदे कधी फुगलेल्या कडेतल्या खाचेतून काटकोनात निघतात. तसा एक जरी सापडला तर मी त्याला बरंच वजन देतो. फुगवटाही सरळ नसतो, खडबडीत वर-खाली असतो, त्यामुळे फिल्मवर दुहेरी कडेचा भास होतो.

आता गोंधळ होणाऱ्या इतर गाठी. अमेलोब्लास्टोमा बहुतेक मागे, दाढांच्या पुढे-मागे बसतो, पडदे जाड आणि वळणदार, मुळं सुरीने कापल्यासारखी. केराटोसिस्ट हाडाच्या लांबीने सरकतो, त्या मानाने फुगवत नाही. मिक्सोमाचे पडदे पातळ आणि सरळ. साधी बोन सिस्ट मुळांच्या मधून कमानी करत वर चढते, दात मात्र जागचे हलत नाहीत.

सीबीसीटी मागवताना पूर्ण खालचा जबडा घ्या, नुसती पुढची खिडकी नको. दोन्ही कोन आणि रॅमस (जबड्याचा मागचा उभा भाग) दिसले पाहिजेत. तिथे लपलेली दुसरी गाठ निघाली तर सगळं निदान फिरतं. आणि सीबीसीटीवरचे करड्या छटेचे आकडे सीटीच्या हाउन्सफिल्डसारखे वापरू नका. आत पाणी-रक्ताचे थर बघायचे असतील तर एमआरआय.

तालुक्याचा_दंतवैद्य

सगळ्यांचे आभार. रक्त आलं. कॅल्शियम ९.६, अल्ब्युमिन ४.२, फॉस्फरस ३.४, अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल, क्रिएटिनिन ०.७, व्हिटॅमिन डी ९, पीटीएच ८४ (लॅबची रेंज १५ ते ६५). बायोटिन वगैरे काही नाही. पीटीएच वाढलंय म्हणजे ब्राउन ट्युमर धरायचा का? सीबीसीटीत बाकी जबडा स्वच्छ, गाठ ३.८ सेंमी, ओठाकडची भिंत पातळ पण अखंड, मुळं झिजलेली नाहीत.

कॅल्शियम_पॅराथायरॉइड

नाही, घाई नको. डी ९ असताना पीटीएच ८४ येणं हे शरीराचं अपेक्षित उत्तर आहे. हाडात पावणेचार सेंमीचं भोक पाडणाऱ्या पॅराथायरॉइड आजारात पीटीएच सहसा शेकड्यांत असतं आणि अल्कलाइन फॉस्फटेज शांत बसत नाही. तरीही दार पूर्ण बंद करू नका. ६० हजारांची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, सोबत आहारातून किंवा गोळीतून पुरेसं कॅल्शियम. चौथ्या आठवड्याला नुसतं कॅल्शियम, आणि संपल्यावर कॅल्शियम, डी, पीटीएच तिन्ही. डी भरल्यावर पीटीएच खाली आलं तर विषय संपला. कॅल्शियम वर गेलं आणि पीटीएच तसंच राहिलं, तर लपलेला प्राथमिक आजार. मग २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम, आणि त्यानंतर गळ्याची सोनोग्राफी व सेस्टामिबी स्कॅन. स्कॅन आधी आणि बायोकेमिस्ट्री नंतर असा उलटा क्रम नको, स्कॅन निदान करत नाही, ग्रंथी कुठे आहे एवढंच सांगतो.

मुळापर्यंत

रूट कॅनालचं कुणी बोललं नाही म्हणून. करू नका. गाठीचा दाब पडला की दाताची संवेदना जाते, पण आतला रक्तपुरवठा चालू असतो. थंड चाचणी आणि ईपीटी (विजेची चाचणी) दोन्ही मज्जातंतूची परीक्षा घेतात, जिवंतपणाची नाही. रंग बदललेला नाही, पू वाहणारं छिद्र (नाडीव्रण) आलेलं नाही, मोठी भरणी किंवा मार नाही, तर तीन गप्प दात म्हणजे तीन मेलेले दात नव्हेत. याच्या उलट चूक जास्त होते, पटाशीच्या मुळाशी छोटा काळा भाग दिसतो, पेरिॲपिकल म्हणून रूट कॅनाल होतं, आणि वर्षभराने तो भाग दुप्पट झालेला असतो. रूट कॅनाल चांगलं असून गाठ कमी होत नसेल तर खरवडलेलं सगळं पॅथॉलॉजीला गेलंच पाहिजे.

मॅक्सिलोफेशियल

सर, सर्जनकडे पाठवताना चिठ्ठीत सहा गोष्टी लिहा, कारण उपचार त्यावर फिरतो: वेदना, वाढीचा वेग, मुळांची झीज, हाडाची भिंत फुटणं, ५ सेंमीच्या वरचा आकार, आणि आधी खरवडूनही परत येणं. चुआँग आणि काबान यांनी १९८६ मध्ये आक्रमक आणि शांत गाठी वेगळ्या करायला वापरलेली हीच लक्षणं. तुमच्या रुग्णात एकही नाही. शांत गाठीला नीट क्युरेटाज (खरवडणं) आणि कडेचं थोडं हाड बरने घासणं बहुधा पुरतं. दात शक्यतो वाचवायचे. परत येण्याची शक्यता असतेच, म्हणून सहा महिने, वर्ष, आणि मग दरवर्षी फिल्म.

कापायचं नसेल तर गाठीत स्टिरॉइड. जुनी पद्धत अजून चालते: ट्रायॅमसिनोलोन १० मिलिग्रॅम प्रति मिली आणि ०.५ टक्के ब्युपिव्हाकेन समान भाग, ओपीजीवर दिसणाऱ्या दर २ सेंमीला २ मिली, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. सुई वेगवेगळ्या जागी फिरवायची. मधुमेह किंवा चालू टीबी असेल तर नको. दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शननंतर सुई जायला जड वाटायला लागली की आत हाड धरतंय असं समजायचं. इथे क्युरेटाज किंवा इंजेक्शन, दोन्हींआधी चौथ्या आठवड्याचं कॅल्शियम येऊ दे. शांत गाठीला महिनाभराने काही फरक पडत नाही.

पुढच्या वेळेसाठी: असा काळा भाग उघडण्याआधी १८ नंबरची सुई घालून ओढून बघा. थोडं रक्त येऊन थांबलं तर ठीक. सिरिंज आपोआप लालभडक भरायला लागली तर सुई काढा, दाबून धरा आणि बायोप्सी दवाखान्यात करू नका.

तालुक्याचा_दंतवैद्य

एक शेवटचं. हीच स्लाइड सहा-सात वर्षांच्या मुलात आली तर?

स्लाइडखाली

मग आधी दुसरी बाजू दाबून बघा. दोन्ही कोनांत सममित फुगवटा, दाढांचे अंकुर पुढे ढकललेले, कॉन्डाइल (जबड्याची सांध्यातली टोकं) मात्र वाचलेले, गळ्यात गाठी: हा चेरुबिझम. १९३३ मध्ये जोन्सने वर्णन केला, एसएच३बीपी२ हे जनुक २००१ मध्ये सापडलं. आईवडिलांचे लहानपणचे फोटो मागवा, अनेकदा त्यातच उत्तर असतं. वयात आल्यावर तो बहुधा मावळतो, त्यामुळे घाईने कुणी खरवडू नये.

एकापेक्षा जास्त गाठी आहेत पण ते चित्र जुळत नाही, तर अंग बघा. उंची कमी, डोळे लांब-लांब, कान खाली, मानेला पडदा, हृदयात मर्मर असेल तर नूनन सिंड्रोम. कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग, वयात येण्याआधी ५ मिलिमीटरहून मोठे, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस. मुलाची अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्यांच्या रेंजशी ताडू नका, वाढत्या वयात ती जास्तच असते. आणि कुणी डेनोसुमॅब (हाड खाणाऱ्या पेशी थांबवणारं इंजेक्शन) सुचवलं तर बालरोग एंडोक्राइनवाल्यांशिवाय सुरू होऊ देऊ नका. ते बंद केल्यावर काही महिन्यांनी मुलांत कॅल्शियम एकदम उसळतं, आणि तोवर मूल जबड्याच्या तपासणीला येणं थांबलेलं असतं.